लाकडाची चादर

१

"…मग फोड. फोड, तान्या. तुझ्या बापानं माझी बोटं फोडली, तू लाकूड फोड. घराण्याचं काम थांबू नये."

माझा लेक तानाजी कुऱ्हाड घेऊन उभा होता. कुऱ्हाड माझी, धार मी लावलेली, त्यामुळं ती किती आत जाईल हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आमच्या दोघांच्या मध्ये कडुलिंबाच्या एका खोडातून कोरलेली खुर्ची होती आणि खुर्चीवर टाकलेली चादर होती. चादरही त्याच लाकडाची.

"माय, लाकूड हाय ते. लाकडाच्या आत कोण बसंल?"

"तेच इचारायलीय मी. कोण बसलंय?"

"कोणी न्हाई बसलेलं. ह्यांनीच बसवलंय," बाजेवरून सरस्वतीबाई म्हणाल्या. गावच्या मोठ्या घरची मालकीण. त्यांना बसायला बाज दिली की बाजेचं सिंहासन होतं. "मी काय सांगितलतं तुमाला? मालकाची खुर्ची, रिकामी, वर चादर. बास. आन तुमी आत बाई कोरून ठेवली. आमच्या घराची अब्रू काढायला."

"रिकामीच कोरली मी."

"मला डोळे हायती, बाई."

"मलाबी हायती. म्हणून तर सोयरीक मोडायलीय."

सरस्वतीबाईंचा पोरगा युवराज दाराच्या चौकटीला टेकून गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता. बाहेर त्यांची गाडी, गाडीत पेढे, आणि माझ्या नातीसाठी आणलेली साडी. नात म्हणजे वैष्णवी, तानाजीची एकुलती एक पोर, एकोणीस वर्षांची. आज तिला कुंकू लावून युवराजच्या नावानं बांधायची आणि जाता जाता खुर्ची टेम्पोत घालून न्यायची, असा बेत होता. एका फेरीत दोन कामं.

"आन आत काही निघालं न्हाई तर?" तानाजीनं विचारलं.

"न्हाई निघालं तर मी सोताच्या हातानं पोरीला कुंकू लावीन. त्यांच्या उंबऱ्यात नेऊन सोडीन. आन पुन्हा जल्मात पटाशी धरणार न्हाई."

"आन निघालं तर?"

दुपारचा एक वाजला होता. डोक्यावरचे पत्रे तापून कडकडत होते. युवराजची किल्ली तेवढी फिरत होती.

२

हे इथवर कसं आलं ते सांगते. माझ्यामागं कोणी सांगेल तर आपल्या सोयीनं सांगेल.

मी सत्यभामा. वडवणी तालुक्यात आमचं गाव. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती खताच्या गोण्यांवरून, आणि पटाशी शिकले ती गावच्या सुताराच्या पाठीमागं उभी राहून. कुणब्याच्या बाईनं सुताराचं हत्यार धरू नये, असं सगळे म्हणायचे. धरलं तर काय होतं हे माझ्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं दाखवलं. माझा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि मोगरीनं, म्हणजे सुताराच्या लाकडी हातोड्यानं, दोन बोटं ठेचली. तो मेला त्याच्या चौदाव्या दिवशी मी ती मोगरी धुऊनपुसून कामाला घेतली. अजून तीच वापरते. चांगल्या बाभळीची आहे. तिचा काय दोष.

मी कापड कोरते. दोरीवर टाकलेला ओला टॉवेल. अर्धी रिकामी झालेली ज्वारीची गोणी. विस्कटलेलं लुगडं. सगळं लाकडाचं, आणि हात लावल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या व्याह्यांनी जेवून उठल्यावर माझ्या टॉवेलाला हात पुसले आणि तळहातात सल भरून घेतली. कोंबड्या गोणीला चोची मारून थकल्या. बाया येतात त्या बोलता बोलता लुगड्याची घडी घालायला वाकतात. पुण्याच्या प्रदर्शनात लोक याला मोठमोठी नावं देतात. मी म्हणते, खोटं आहे, पण मन लावून केलेलं खोटं आहे.

रीत साधी आहे. खरं कापड खळीत बुडवायचं, पाहिजे तसं टाकायचं आणि वाळू द्यायचं. खळ वाळली की घडी न् घडी जागेवर थिजते. ते समोर ठेवायचं आणि लाकडात उतरवायचं. मनातलं काही घालायचं नाही. समोर जेवढं आहे तेवढंच. शेवटी परळीच्या वीजकेंद्राची राख वस्त्रगाळ करून ओल्या फडक्यानं घासते. परळीच्या राखेनं लोक विटा पाडतात, मी लाकडाला सुताचं अंग आणते.

सरस्वतीबाईंचे मालक, सुंदरराव, पंचवीस वर्षं गावचे पुढारी होते. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून बाईंनी तिच्यावर चादर टाकली. चादर मळायची. धुवायला काढली की नेमका कोणीतरी येऊन खुर्चीत बसायचा.

"मळणार न्हाई, उडणार न्हाई आन कोणाला काढता येणार न्हाई अशी करून द्या," त्या म्हणाल्या. "खुर्चीसकट."

लाकूड त्यांनीच दिलं. त्यांच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या खोपटापाशी उभा असलेला लिंब, दीड वर्षापूर्वी पाडलेला. चांगला उभा लिंब का पाडला, हे मी विचारायला पाहिजे होतं. पण दोघांच्या कवेत बसणार नाही असं खोड होतं. मी हावरट आहे. नाही विचारलं.

३

त्यांनी खरी खुर्ची नमुन्याला पाठवली. मी तिच्यावर खळीची चादर टाकली. पाठीवरून उतरली, दोन्ही हातांवर टेकली, आणि मधे बसायच्या जागी खोल पडली. रिकामी खुर्ची अशीच दिसते. मधे पोट गेलेलं असतं.

पहिले चार दिवस वाकसानं, म्हणजे तासायच्या आडव्या हत्यारानं, ढोबळ काम केलं. पाचव्या दिवशी बसकीचा खोलगा काढायला घेतला आणि दिवसभर तेवढंच केलं. संध्याकाळी ढलप्यांनी टोपली भरली. सकाळी येऊन पाहिलं तर खोलगा नव्हता. तिथं उंचवटा होता. दोन उंचवटे, शेजारी शेजारी.

मी फुटपट्टी वापरत नाही. गाठी मारलेली सुतळी वापरते. खऱ्या खुर्चीवर हातापासून चादरीच्या तळापर्यंत सुतळीच्या सात गाठी भरल्या. लाकडात दोन भरल्या. टोपली मात्र भरलेलीच होती. त्या ढलप्या कुठून निघाल्या होत्या मग?

मला भ्यायची सवय नाही, म्हणून मी आधी कारणं काढली. लाकूड आतून ओलं असेल, फुगलं असेल. बीडला डोळ्याचं ऑपरेशन झालंय, खोलीचा अंदाज चुकला असेल. सत्तरी उलटलीय, टोपली परवाची असेल. कारणं काढायला मी हुशार आहे. त्या दिवशी पुन्हा वाकस मारला. पुन्हा टोपली भरली, ती मी बाहेर नेऊन चुलीत घातली, माझ्या डोळ्यांदेखत जळाली. दुसऱ्या सकाळी सुतळीची एकच गाठ भरली.

आता ते गुडघे होते. गुडघ्यावरून चादर खाली येताना जशी ताणते तशी ताणलेली. दोन पायांच्या मधे हलकी घळ पडलेली. नमुन्याच्या खुर्चीवरची चादर मी टराटरा उपटून काढली. खाली वेताची बसक, आणि बसकीवर धूळ. कोणी नाही.

त्याच दिवशी ठोक्यांचं लक्षात आलं. मी तीन ठोके मारून थांबते, ढलपी काढते, पुन्हा तीन. माझा हात चाळीस वर्षं तसाच चालतो. तीन मारून थांबले की चौथा ऐकू यायचा. बारीक. बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. पत्र्याचा घुमारा असेल म्हणून मी शेजारच्या सागाच्या ओंडक्यावर तीन मारून पाहिले. तीनच आले. पुन्हा लिंबावर तीन मारले.

चार.

४

युवराजचं हे दुसरं लग्न. पहिली करिष्मा. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. पोरगी लखलखीत होती, या घरानं डोळ्यांनी उचलली आणि नेली.

ती एकदा दुपारी माझ्या शेडमध्ये आली होती. पदर तोंडावर ओढलेला. तोंड पुसायला तिनं दोरीवरचा टॉवेल धरला, तो हलला नाही, तशी ती हसली. हसली तसा फुटलेला ओठ पुन्हा फुटला.

"आज्जी, लई खोटं करता की तुमी."

"बस. पाणी पी."

पाणी प्यायला तिनं हात बाहेर काढला. उजव्या हाताची करंगळी मुडपलेली होती, मोडून तशीच सांधलेली.

"दारात सापडली," ती म्हणाली.

मी माझी दोन बोटं तिच्यापुढं धरली. "माझीबी दारातच सापडलती."

मग मी तिला सांगितलं. काय सांगितलं तेही सांगते, मी लपवणाऱ्यातली नाही. मी म्हणाले, "मुकाट मार खाऊ नको. एकदा उलटून हाण. एकदा हाणलं की त्यांचे हात थांबतेत. मी हाणलतं."

मी हाणलं नव्हतं. एकदाही नाही. बद्रीनाथचे हात थांबले ते तो मेला म्हणून. पण म्हातारपणी माणूस आपल्या शौर्याच्या गोष्टी तयार करून ठेवतं, आणि त्यातली एक मी त्या पोरीला दिली. पदरात बांधून दिली म्हणा.

आठ दिवसांनी युवराज कपाळाला सहा टाके घेऊन गावात फिरला. जिन्यावरून पडलो, म्हणाला. करिष्मा त्यानंतर कोणाला दिसली नाही. आखाड्यावरचा लिंब पाडला तो त्याच हंगामात. कोणाचा तरी हात धरून पळाली, असं घरानं सांगितलं. पोलिसात हरवल्याचं लिहून दिलं. तिचे आईबाप तेव्हा कर्नाटकात तोडीवर होते. ते आले, वाड्यावस्त्यांवर शोधलं, रडले आणि पुन्हा तोडीवर गेले. पुढं एकतर्फी सोडचिठ्ठीचा कागद झाला. गावानं ऐकलं. मीही ऐकलं, आणि मान हलवली.

आता माझ्या लाकडात, चादरीखाली, खुर्चीच्या उजव्या हातावर एक हात दिसत होता. बोटांवरून चादर अशी पडली होती की प्रत्येक बोट वेगळं मोजता यावं. चार सरळ. एक मुडपलेलं.

मी म्हटलं, हा माझाच हात आहे. ठेचलेली बोटं माझी, हात सवयीनं आपलीच आकृती काढतो. खूप वेळ मी हेच धरून बसले. पण माझा ठेचलेला हात डावा आहे, आणि माझी ठेचलेली बोटं दोन आहेत.

५

पंधराव्या दिवशी तोंड दिसलं.

तोंड म्हणजे तोंड नव्हे. खुर्चीची पाठ जिथं संपते तिथं एक गोलवा होता, पुढं झुकलेला, आणि त्यावर चादर आत ओढलेली. ओलं फडकं तोंडावर घट्ट दाबलं आणि श्वास ओढला की ते दातांत जातं. तसं. दोन्ही बाजूंना घड्या होत्या, पण त्या लोंबणाऱ्या घड्या नव्हत्या. मुठीत धरल्यासारख्या ओढलेल्या होत्या, मागच्या बाजूला. कापड मला कळतं. कापड आपणहून असं पडत नाही. त्याला कोणीतरी धरावं लागतं, सगळा जोर लावून, आणि समोरच्याचं हलणं बंद होईपर्यंत धरून ठेवावं लागतं.

मी मोगरी आणि मोठी पटाशी घेतली आणि त्या तोंडावर हाणलं. हो, हाणलं. मला ते तिथं नको होतं. मी कामात नव्हते, मी मारत होते. बाईच्या तोंडावर मारावं तशी मारत होते, शिव्या देत होते. पटाशीचं पातं मुडपलं, तशी ती फेकली आणि नुसती मोगरी चालवली. एक ढलपी उडून माझ्या गालात घुसली. रक्त हनुवटीवरून गळ्यात आलं. लाकडावर ओरखडा नव्हता.

थकून थांबले. आतून एक ठोका आला.

"आज्जे, कावून मारायलीस तिला?"

दारात वैष्णवी उभी होती. हातात जेवणाचा डबा. तिला मी काहीही सांगितलं नव्हतं.

"कोणाला?" मी म्हणाले.

"हिला." तिनं हनुवटीनं दाखवलं. "कोण बसवलीस ही? तू तर मालकाची खुर्ची करणार व्हतीस ना. डोस्कं खाली घालून कावून बसलीय?"

म्हणजे डोळे माझे बरे होते. मला त्याचा आनंद झाला नाही.

मी गालातली ढलपी उपटली आणि तिला समोर बसवली. "वैष्णे, तू त्या घरात जायाचं न्हाई."

"पप्पांनी शबूद दिलाय."

"पप्पाला दुसरा देता येतो. मुकादम हाय त्यो, रोज देतो."

"युवराजच्या घरच्यांच्या जिवावर पप्पाची मुकादमी चालते, आज्जे. तुला म्हाईत न्हाई का? तेच ऊसतोडीच्या टोळ्या लावून देतेत." तिनं पदराच्या टोकानं माझा गाल पुसला. पोरगी माझीच आहे, रक्ताला बिचकत नाही. "आन मला भेव घालू नको. त्याची पहिली पळून गेली. मी काय पळणाऱ्यातली हाय का?"

"तीबी नव्हती."

तिनं खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा खुर्चीकडं. डबा तिनं खाली ठेवला.

"आज्जे," ती अगदी हळू म्हणाली, "मी आले तवा हिचं डोस्कं खाली व्हतं ना?"

मी वळून पाहिलं नाही. जे समोर आहे ते पाहायचं, हा माझा धंदा आहे. त्या दिवशी मी तो केला नाही. पोरीचा हात धरला आणि उन्हात बाहेर आले.

त्यानंतर मी पटाशी लावली नाही. राखेनं घासलंही नाही. पण पाहुणे आले त्या दिवशी सकाळी शेड उघडलं, तर चादर सुतासारखी झालेली होती. घासून, धुऊन, वाळत घालून आणावी तशी.

६

तर आता पुन्हा त्या दुपारी या.

तानाजी कुऱ्हाड घेऊन उभा आणि निघालं तर काय, हे त्यानं नुकतंच विचारलेलं. किल्ली फिरवायची थांबवून युवराज म्हणाला, "आक्का, कशाला ह्या येड्या म्हातारीच्या नादी लागायलीस. पोरीला घ्या गाडीत. कुंकू घरी लावता येतं." आक्का तो आईला म्हणतो.

"कुंकवाआधी गाडीत कावून बसू?" वैष्णवी म्हणाली.

"मी म्हणतो म्हणून."

"अजून तुमचं काही ऐकायचं चालू झालं न्हाई माझं."

त्यानं तिचं मनगट धरलं. हसत धरलं, चारचौघांत धरतात तसं. पण तिची बोटं ताबडतोब पांढरी पडली. अशी बोटं पांढरी पडताना मी आधी पाहिलीत. मी शेडच्या त्या टोकाला होते आणि पुढच्या क्षणी इकडं होते. माझे गुडघे मला साथ देत नाहीत, पण त्या वेळी दिली. हातात अर्ध्या इंचाची पटाशी होती. ती मी त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि दाबली. कातडी फाटायला फार जोर लागत नाही. लाकडाच्या मानानं माणूस मऊ असतं.

"सोड," मी म्हणाले. "शीर बोटभर खाली हाय. मला जागा म्हाईत हाय."

त्यानं सोडलं. रक्त त्याच्या पांढऱ्या बाहीवर पसरत गेलं, आणि तो त्याच्याकडं असं बघत राहिला की जणू दुसऱ्याचं आहे.

"तानाजी," सरस्वतीबाई ओरडल्या, "तुज्या मायला आवर, न्हाईतर पुढल्या हंगामाला तुझ्या टोळीत माणूस दिसायचा न्हाई."

"माय, मागं सर," तानाजी म्हणाला. "मी दावतो ह्यांना. लाकूड हाय ते. लाकूडच हाय."

त्यानं घाव घातला. मांडीवर. पहिला घाव दगडावर पडल्यासारखा सरकला. दुसरा रुतला; कुऱ्हाड काढायला त्याला पाय लावावा लागला. त्यानं खुर्चीला पाय लावला तसा आतून आवाज आला. ठोका नव्हे. दाबून धरलेल्या फडक्यातून निघतो तसा. सगळ्यांनी ऐकला. तानाजीनं डोळे मिटले आणि तिसरा घाव घातला. भाकरीएवढी ढलपी सुटली आणि जमिनीवर पडून डोलत राहिली.

खाली लाकूडच होतं. हे मी खरं सांगते, हाड नव्हतं, मांस नव्हतं. पण चादरीच्या जाडीइतकं लाकूड तिथं संपलं होतं. खाली बोटभर पोकळी, आणि पोकळीच्या खाली दुसरं कापड. चुण्या घालून नेसवलेलं. त्याला काठ होता. रुईफुलाचा काठ, फूल न् फूल वेगळं, पाकळीला पाकळी न चिकटलेली. इतकं बारीक काम मला येत नाही. जगात कोणाला येत असेल तर मला माहीत नाही. आणि आलं तरी बंद लाकडात हात कुठून घालणार?

काठाच्या पलीकडं, चुण्यांच्या मागं, आणखी काही होतं. तानाजी वाकला होता, त्यानं ते पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, तेवढं मला पुरलं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, निजलेल्या लेकराशेजारी ठेवावी तशी, आवाज न करता. मग तो शेडच्या कोपऱ्यात जाऊन पत्र्याकडं तोंड करून बसला.

"रेषा हायती," युवराज म्हणाला. "लाकडाच्या रेषा हायती त्या."

"रेषांना पाकळ्या असतेत का?"

"म्हातारे, तू आतून पोखरून कोरलंस. ढोंग हाय सगळं. धंदाच हाय तुझा ढोंगाचा."

"कुठून पोखरलं? भोक दाव. एक भोक दाव मला, मी आत्ता पाया पडते तुझ्या."

"पेटवा त्याला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तानाजी, गाडीतून डिझेल आन. माझ्या घरात ह्यो अवलक्षणी ओंडका यायचा न्हाई. आन वर बदनामी. पळून गेलेल्या रांडेसाठी माझ्या लेकाचं रगत काढलं हिनं. पळाली ती. साऱ्या गावाला म्हाईत हाय पळाली ती. माझी सोन्यासारखी वस्तू अंगावर घालून पळाली."

तानाजी कोपऱ्यातून उठला नाही. वैष्णवी माझ्या पाठीशी उभी होती, तिची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. आणि मला माझी ती दुपार आठवली, मी त्या पोरीला दिलेली खोटी गोष्ट आठवली, आणि माझं तोंड सुटलं. मी ठरवून बोलले नाही. मला ठरवून बोलता येत असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

"पळाली?" मी म्हणाले. "ह्या चादरीत पळाली? धुतलेली पांढरी चादर, माझ्यासारख्या कुंकू पुसलेलीला गुंडाळावं तशी गुंडाळली की गं तिला. तुमी मोठ्या घरच्या. तुमच्यात रीतभात असते म्हणतेत. कुत्रं मेलं तरी माणूस वर फुलं टाकतं. आन घरची सून नुस्ती चादरीत बांधून…"

सरस्वतीबाई बाजेवरून उठल्या. मला वाटलं, माझ्या अंगावर येतात. पण त्या माझ्याकडं पाहतही नव्हत्या. खुर्चीजवळ जाऊन त्या वाकल्या, फुटलेल्या जागी हात घातला आणि तो काठ अंगठ्यानं चाचपला. दुकानात लुगड्याचं पोत पाहतात तसा. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग बदलला होता. मघाचा राग लेकासाठी होता. हा स्वतःसाठी होता. जन्मभर जे नीट केलं त्यात कोणीतरी चूक काढावी, तसा.

"आक्का," युवराज म्हणाला. "आक्का, गप."

"पांढऱ्यात कावून गुंडाळू," काठावरचा अंगठा न काढता त्या मला म्हणाल्या, "सवाष्णच मेली ती, हिरवं नेसवूनच लावून दिली, आन ओटी मी माझ्या हातानं भरली."